दिग्याला ऐकू यायचं

गाव सोडलं त्या सकाळी फाट्यावर आम्ही दोघं होतो, पण वळकटी एकच होती. माझ्या दोस्ताची, दिगंबरची. माझ्या हातात आईनं फडक्यात बांधून दिलेले धपाटे. एसटी आली तेव्हा माझे वडील, अण्णा, एवढंच म्हणाले, "एका ताटात खा. पण कुणी कुणाच्या जिवावर खाऊ नका." दिग्यानं मला खिडकीची जागा दिली आणि स्वतः अर्धा बाकड्याबाहेर बसून आला.

लातूरकडचे आम्ही. भोसरीत एका खोलीत राहिलो, एकाच वर्कशॉपमध्ये लेथवर उभे राहिलो. शिफ्ट उलटसुलट असायच्या. तो उठला की त्याच्या उबदार वळकटीत मी शिरायचो. गावाकडच्यांनो, एवढं तुम्हाला ठाऊक आहे. पुढचं मी गावात कुणाला सांगितलेलं नाही.

दिग्यानं स्वतःच्या वर्कशॉपसाठी शेड घ्यायची ठरवली तेव्हा आधी मलाच विचारलं. "पार्टनर हो की, उत्त्या. बुडालो तर दोघं बुडू." मी अण्णांचं वाक्य पुढं केलं. खरं म्हणजे मी भ्यालो होतो. म्हटलं, मला आपला पगार बरा. तो हसला आणि त्यानं मला पहिला कामगार म्हणून ठेवून घेतलं.

धंदा चालला. चाकणच्या कंपन्यांचं काम यायला लागलं, मशिनी वाढल्या, माणसं वाढली. कामगारांसमोर मी त्याला साहेब म्हणायचो, ते रीतीला धरून होतं. गेटबाहेर तो दिग्याच. मग कधीतरी मी गेटबाहेरही साहेब म्हणू लागलो. त्याच्या घरी, जेवताना, त्याच्या पोरांदेखत. तो वैतागायचा. "अरे, घरी तरी नावानं बोलाव. काय साहेब साहेब करायलास!" मी म्हणायचो, "मालकाला मालकच म्हणावं." लोकांना तो आदर वाटायचा. आदर कसला, जळफळाट होता. जे मी नाकारलं ते त्यानं एकट्यानं करून दाखवलं, हे मला पचत नव्हतं. पुढं त्यानं सांगायचं सोडून दिलं. खंडेनवमीला मात्र पहिल्या लेथपुढचा नारळ दरसाल माझ्याच हातात द्यायचा.

त्याचा एक हट्ट होता. शेडमधून जाता जाता थबकायचा. "उत्त्या, कुठंतरी कॉम्प्रेसरची हवा लीक व्हायलीय." शेजारच्या शेडमध्ये पत्रा कापणाऱ्या प्रेस धडधडतायत, आमचे लेथ चालू, बोललेलं कळायला तोंड कानाशी न्यावं लागतं. मी म्हणायचो, "साहेब, कान वाजायलेत तुमचे." पोरं हसायची. तोही हसायचा.

या उन्हाळ्यात तो गेला. सकाळी चहा पिताना छातीत कळ आली, तेवढंच.

शववाहिका शेडसमोर थांबवली. आमच्या पोरांनी मशिनी बंद केल्या. मग शेजारच्यानं प्रेस थांबवली, मग त्याच्या पलीकडच्यानं. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. पार टोकापर्यंत गल्ली थांबली. भोसरीत आल्यापासून भर दिवसा अशी शांतता मी ऐकली नव्हती. आणि त्या शांततेत, शेडच्या आतून, अगदी बारीक आवाज आला. फुस्स्स.

हवा. कुठल्यातरी जोडातून.

मी तिथंच हात जोडून उभा राहिलो. एवढ्या धडधडीत ज्याला हे ऐकू येत होतं, त्याला माझ्या 'साहेब'मधलं काय ऐकू आलं नसेल?

दहाव्याला दिग्याच्या बायकोला, वहिनींना, सगळं सांगितलं. त्या रडल्या नाहीत. म्हणाल्या, "भावोजी, ते घरी येऊन म्हणायचे, उत्त्या अजून रुसलाय. निघंल त्याचा राग." मी समजत होतो, मी लपवतोय. तो वाट बघत होता.

दुसऱ्या दिवशी कॉम्प्रेसरच्या पाइपला साबणाचं पाणी लावत गेलो. जुन्या लेथमागच्या जोडाशी बुडबुडे आले. पाना हातात घेतला, पण फिरवायच्या आधी सगळ्या कामगारांदेखत मोठ्यानं म्हणालो, "दिग्या, सापडली बघ." कुणी हसलं नाही.

गावाहून धाकटा भाऊ फोन करतो. "दादा, तुझे साहेब तर गेले. आता तिकडं कोण हाय तुझं? ये की घरी." मी फोन धरून शेडच्या दारात उभा असतो. आत सगळ्या मशिनी चालू असतात, भावाचं मला नीट ऐकूही येत नाही.

"दिग्या हाय," मी म्हणतो.