पहिल्या खटक्यावरचं बॉनेट

आधीच सांगून टाकते, मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारी बाई नाही. पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. दिवसभर डाग, थेंब आणि काचपट्ट्या बघण्यात जातो. अमावास्येला लिंबू उतरवणाऱ्या शेजारणीशी माझं दोनदा भांडण झालेलं आहे. तरीही हे लिहितेय, कारण मागच्या सोमवारपासून डोकं चालेनासं झालंय...

आमचं मूळ घर वसईकडच्या नंदाखालला. केळी, नारळ, थोडा सोनचाफा अशी वाडी. बाबांनी आयुष्यभर विहिरीवरचं इंजिन चालवलं. आता विहिरीचं इंजिन काही कुठे जात नाही — एका जागी बसून धडधडतं. त्याला किलोमीटर नसतात. मग तेल कधी बदलायचं ते कळणार कसं? बाबांची त्यावर स्वतःची पद्धत होती. दर रविवारी तेलाची पट्टी बाहेर काढायची, जुन्या धोतराच्या चिंधीवर तेलाचा एक थेंब टेकवायचा आणि चिंधी पंपघराच्या दाराआडच्या खिळ्याला टांगायची. थेंब पसरून कडेला फिकट कडं उमटलं तर तेल जिवंत. काळा ठिपका जागच्या जागी बसून राहिला, कडं उमटलंच नाही, तर तेल मेलं. इंजिन गेलं, विजेचा पंप आला, पुढे बाबांनी एक जुनी पेट्रोल गाडी घेतली. तिचं तेलही चिंधीवरच!

आणखी एक खोड होती. बॉनेट कधी आपटायचे नाहीत. लेकराला पाळण्यात ठेवावं तसं हळूच टेकवायचे, त्यामुळे ते पहिल्या खटक्यावरच, अर्धवट अडकून राहायचं. "बाबा, जोरात लावा, रस्त्यात उघडेल!" हे मी चौदा वर्षं ओरडत होते. ते हसायचे आणि पुढच्या रविवारी पुन्हा तेच.

गेल्या वर्षी, पावसाळा सरता सरता, एका रविवारी ते म्हणाले, "बाय, या महिन्यात तेल बदलून घे. कडं उमटत नाय आता."

मी लॅबमधून दमून आले होते. म्हटलं, "बाबा, पुस्तकात दहा हजार किलोमीटर लिहिलंय. अजून चार हजार बाकी आहेत. तुमची चिंधी कंपनीपेक्षा शहाणी का?"

त्यांनी चिंधी खिळ्याला टांगली आणि हात धुतले.

मंगळवारी पहाटे ते झोपेतच गेले.

त्यांना त्यांचा आवडता जाड सुती पांढरा सदरा घातला. त्याचं वरचं बटण तुटलेलं होतं. हाताला लागला तो लाल दोरा घेऊन मी ते टाचलं. घाईत पांढरा सापडलाच नाही. तो सदरा त्यांच्यासोबतच गेला. हे मुद्दाम सांगतेय, लक्षात असू द्या.

आईचं आठवड्यातून तीनदा डायलिसिस असतं. म्हणून तिला मी नालासोपाऱ्याला, आचोळ्याच्या माझ्या फ्लॅटवर आणलं. नंदाखालचं घर आणि पंपघर दोन्हींना कुलपं लावली, चाव्या माझ्या पर्समध्ये. गाडी आमच्या बिल्डिंगखाली. आचोळ्याहून वसईचं डायलिसिस सेंटर लांब नाही, पण ट्रॅफिक असा की अर्धा वेळ गाडी जागच्या जागी उभी राहून धूर काढते. किलोमीटर मात्र वाढत नाहीत. मी आकडा बघायची आणि निश्चिंत व्हायची.

दर सोमवारी सकाळी आईला घेऊन खाली उतरले की बॉनेट पहिल्या खटक्यावर. पहिल्यांदा वाटलं मीच नीट लावलं नसेल. पण मी तर उघडलंच नव्हतं! आणि ते उघडायचा खटका गाडीच्या आत असतो. गाडी लॉक, एक चावी माझ्याकडे, दुसरी आईच्या कपाटात. मी सोसायटीतल्या पोरांवर खापर फोडलं, बॉनेट दणकन लावलं आणि निघाले. असे बरेच सोमवार गेले.

मग एका शनिवारी दुपारी नारळ पाडायला माणूस येणार होता, म्हणून शिडी काढायला मी नंदाखालच्या पंपघराचं कुलूप उघडलं. दार आत ढकललं आणि त्याच्या आडचा खिळा दिसला.

धोतराची शेवटची चिंधी ओळखीची होती. तिच्यावर आणखी अकरा चिंध्या होत्या. बाबांना जाऊन अकरा रविवार झाले होते.

मी त्या एकेक करून खाली फरशीवर मांडल्या. सवयच ती. तेल उत्तरोत्तर काळं होत गेलेलं, कडं आक्रसत गेलेलं. शेवटच्या चिंधीवर नुसता काळा ठिपका, कडं नाहीच. या अकरांचं कापड धोतराचं नव्हतं. जाड, सुती, पांढरं. आणि त्या शेवटच्या चिंधीच्या टोकाला एक बटण होतं... लाल दोऱ्याने टाचलेलं.

नारळवाल्याने हाक मारली तेव्हा उठले. भीती वाटली का? वाटली. पण खरं सांगू, त्याहून जास्त लाज वाटली.

तिथून गाडी थेट आचोळ्याच्या मेकॅनिककडे नेली. रियाझभाईंनी खालचा नट उघडला आणि माझ्याकडे पाहिलं. "मॅडम, हे तेल आहे की डांबर? जाळी पूर्ण चोक झालीय. अजून एक-दोन फेऱ्या... रस्त्यातच इंजिन जाम झालं असतं."

पुढची फेरी सोमवारची होती, आईची.

तेल बदललं आणि बॉनेटचा प्रकार थांबला. खिळ्यावर नवी चिंधी नाही. मला हायसं वाटायला हवं होतं ना? मी पंपघरात उभी राहून रडले.

काही महिन्यांनी, पुन्हा एका सोमवारी, बॉनेट पहिल्या खटक्यावर! तुम्हाला वेड्यासारखं वाटेल, पण मला इतका आनंद झाला... नंदाखालला जाऊन आले, खिळ्यावर चिंधी होती. आणि मी तेल बदललं नाही. मुद्दाम. जोवर तेल बदलत नाही तोवर ते येतील, एवढंच डोक्यात होतं. आठ रविवार मी असे काढले, आईला त्याच गाडीत बसवून. कडं दर आठवड्याला आक्रसताना बघत होते, आणि तरीही.

आईला मी यातलं अक्षरही सांगितलं नव्हतं. गेल्या शनिवारी डायलिसिसहून येताना ती अचानक म्हणाली, "तू तेल का बदलत नाय गो?"

"बदलेन. वेळ कुठे मिळतोय?"

"तो येतो म्हणून ना?"

मी गाडी बाजूला घेतली. ती समोर बघत होती. "जन्मभर विहिरीचं इंजिन बघितलं त्याने. आता तुझी गाडी बघत फिरतोय. बस झालं बाय, सुटू दे त्याला. आणि गाडी बंद पडली तर मला काय तू खांद्यावर नेणार?"

रविवारी सकाळी रियाझभाईंकडे जाऊन तेल बदललं. घरी आल्यावर मी स्वतः पट्टी काढली आणि माझ्या जुन्या ओढणीच्या चिंधीवर थेंब टेकवला. मधाच्या रंगाचा, छान पसरला, कडं स्वच्छ. चिंधी इंजिनाशेजारीच ठेवली. बॉनेट आपटलं नाही. हळूच टेकवलं, पहिल्या खटक्यावर. म्हटलं, "बाबा, बघून घ्या. या वेळी मी वेळेत... म्हणजे जवळजवळ वेळेत केलंय." गाडी लॉक केली, दोन्ही चाव्या उशाखाली घेतल्या.

सोमवारी सकाळी आईला घेऊन खाली आले. बॉनेट बंद होतं. पूर्ण. दोन्ही हातांनी उचकटून पाहिलं, हललं नाही. आतला खटका ओढून उघडलं, तर चिंधी नव्हती.

वॉचमन म्हणतो त्याने हात लावला नाही. लावलाही असेल, पण मग चिंधीचं काय? लाल दोऱ्याचं काय? पंपघरात जाऊन बघायचा धीर अजून झालेला नाही. एवढंच कळतंय, की चौदा वर्षं मी ‘जोरात लावा’ म्हणून ओरडत होते, आणि या वेळी बॉनेट कुणीतरी जोरात लावलं होतं.