मामाची अँबेसेडर, बाबांची पद्मिनी

माझ्या लग्नात मानपान, आहेर, जेवणातली भाजी यावरून कुणी भांडलं नाही. भांडण पेटलं ते नवरीनं कार्यालयात कुठल्या गाडीतून जायचं यावरून.

एका बाजूला बेंबळीचा माझा एकुलता एक मामा आणि त्याची पांढरी अँबेसेडर. दुसऱ्या बाजूला धाराशिवच्या कचेरीतून कारकून म्हणून निवृत्त झालेले बाबा आणि त्यांची पद्मिनी. दोन्ही गाड्या माझ्यापेक्षा वयानं मोठ्या, आणि गाडीला कुणी जुनी म्हटलं की दोन्ही मालक तोंड फिरवणारे.

"दाजी, माझं इंजिन पंधराशे सीसीचं हाय. तुमचं अकराशेचं. बोलायचंच कशाला?" मामा म्हणायचा.

"पाव्हणं, वजन बघा की तुमच्या गाडीचं. अर्धा जोर तर तिला स्वतःलाच ओढण्यात जातो," बाबा चहात बिस्कीट बुडवत म्हणायचे.

मामाच्या गाडीत आठ माणसं आणि वर खताचं पोतं मावायचं. बाबांची गाडी वीतभर अरुंद, म्हणून आमच्या बोळात शिरायची. गिअर दोन्हींचा स्टेअरिंगलाच. खाली गिअर असलेली गाडी म्हणजे ट्रॅक्टर, एवढ्या एकाच गोष्टीवर दोघांचं एकमत होतं.

शेवटी शर्यत ठरली, बेंबळी ते धाराशिव. मी पंच. पण खड्डा दिसला की गाडीला लागेल म्हणून दोघंही ब्रेक दाबायचे. उसानं भरलेला ट्रॅक्टर दोन ट्रॉल्यांसकट आम्हाला मागं टाकून गेला आणि त्याच्या ड्रायव्हरनं "वरात कुणाची?" म्हणून विचारलं.

मग आईनं निकाल दिला, बोळात शिरते तीच गाडी. मामा रुसला.

"भाचीला मांडवात मामानं आणायची असती. दाजीच आणणार असतील तर माझं काय काम? मी येत न्हाय."

मला रडू फुटलं. अंतरपाटापुढं नवरीच्या पाठीशी मामा उभा राहतो. माझ्या पाठीशी दुसरं कोण उभं राहणार होतं?

लग्नादिवशी तो आला, पण गाल फुगवून. अँबेसेडर बोळाच्या तोंडाशी लावून तो हाताची घडी घालून उभा राहिला. मी पद्मिनीत मागं बसले, बाबांनी किल्ली फिरवली आणि गाडी हूं की चूं करेना. बॅटरी उतरली होती. मामाचा चेहरा एकदम खुलला.

"काय दाजी, अकराशे सीसी झोपलं व्हय?"

"ढकला की मग."

मामानं फेटा घट्ट केला, बाह्या वर सारल्या. दुसऱ्या कुणाला त्यानं हात लावू दिला नाही. अशी गाडी चालू करायची म्हणजे गिअर टाकायचा, क्लच दाबून धरायचा आणि वेग आला की सोडायचा. बोळ संपला, कार्यालयाकडचा उतार लागला, तरी गाडी चालू होईना.

"सोडा की आता!" मामा ओरडला.

"अजून जोर लावा, पाव्हणं!"

थेट कार्यालयाच्या दारात गाडी थांबली. मामा घामानं निथळत सगळ्या वऱ्हाडाला सांगत सुटला, "आणली बघा मामानं भाचीला! ती बी हातानं!" मग तो माझ्या पाठीशी येऊन उभा राहिला. मंगलाष्टकं संपेपर्यंत त्याची धाप मला ऐकू येत होती, आणि मला फार बरं वाटत होतं.

त्याला मी अजून सांगितलेलं नाही, पण मागच्या सीटवरून मला सगळं दिसत होतं. उतारावर गाडीनं चांगला वेग धरला, तेव्हाही बाबांनी क्लचवरचा पाय उचलला नव्हता.