वरातीच्या घोडीचा उपास

निवृत्तीनंतर मी सापगावाजवळ राहायला आले, तेव्हा शेजारच्या गोठ्यात बैलांच्या जोडीला एक ठेंगणी पांढरी घोडी होती. शहापूर-मुरबाडकडच्या लग्नांत ती नवरदेवांना मिरवीत असे. माझे सारे आयुष्य ग्रंथालयात, हळू आवाजात बोलण्यात गेलेले. जनावराच्या पाठीवर बसण्याचा विचारही कधी मनाला शिवला नव्हता. पण एके सकाळी शेजारच्या वहिनींनी लगाम सरळ माझ्या हाती दिला.

"बसा ना बाई. नवरदेव पिऊन बसतात, ते पडत नायत, तर तुमी काय पडणार?"

उतारवयात मी घोड्यावर बसायला शिकले, हे लिहितानाही संकोच वाटतो. मात्र माझी भीती त्या घोडीने ज्या संयमाने सोसली, त्यासाठी तरी हा संकोच बाजूला ठेवायला हवा.

यंदा लग्नसराईच्या सुरुवातीला घोडी पुढच्या पायाने लंगडू लागली. जनावरांच्या डॉक्टरांनी सूज आणि वेदना कमी करणाऱ्या थोड्या दिवसांच्या पुड्या दिल्या. त्या संपल्यावर वहिनींच्या यजमानांनी दुकानातून आणखी आणल्या, कारण पुडी दिली की घोडी नीट चाले. गूळ लावलेल्या भाकरीच्या तुकड्यातून पुडी तिला चारली जाई. त्यात त्यांच्याकडे एक जुनी रीत होती. ऐन मिरवणुकीत घोडीने घाण करू नये म्हणून वरातीच्या दिवशी सकाळपासून तिचा चारा बंद, पाणीही बेताचेच. त्या रिकाम्या पोटात ती पुडी तेवढी जात असे.

एका सकाळी घोडीने पेंढ्याला तोंडच लावले नाही. ती दात खात होती आणि मान वळवून पुन्हा पुन्हा पोटाकडे पाहत होती. शेण पातळ झाले होते.

"उन्हाचं हाय," यजमान म्हणाले. "उद्या किन्हवलीची वरात झाली का निजंल चार दिस."

वहिनींनी सरळ डॉक्टरांना फोन लावला.

डॉक्टर तरुण होत्या; स्कूटरवरून आल्या. त्यांनी घोडीचा ओठ वर केला. हिरड्यांवर फोड होते. "पुड्या अजून चालू आहेत?"

यजमान दाव्याची गाठ उगाच सोडू-बांधू लागले. वहिनीच म्हणाल्या, "लग्नं सुरू झाल्यापासून रोज. आन वरातीला उपाशी."

"म्हणजे वऱ्हाड जेवणार, नवरदेव जेवणार, आणि उपास हिला! त्यावर हे औषध." मग त्यांनी शांतपणे समजावले. हे औषध वेदना थांबवते, पण पोटाच्या आणि आतड्याच्या अस्तराचे संरक्षणही कमी करते. तिथे जखमा होतात. पाणी कमी पडले तर मूत्रपिंडावर ताण येतो. लहान चणीच्या घोड्यांना तर फार जपावे लागते. "औषध चांगलंच आहे. पण मापात, सांगितलेल्या दिवसांपुरतं, आणि चारापाणी चालू असताना."

"वाचेल ना?" मी विचारले. आवाज इतका हळू होता की त्यांनी "काय म्हणालात?" म्हणून विचारले.

"पाणी प्यायली, खायला लागली, तर वाचेल. आज काही सांगता येत नाही."

पुड्या बंद झाल्या, सलाईन लागले, पोटाचे औषध सुरू झाले. यजमान मात्र पुटपुटत होते, "मी शब्द दिलाय त्यांना."

वहिनींनी किन्हवलीला नवरदेवाच्या आईला फोन लावून स्पीकरवर टाकला आणि सगळे सांगितले. पलीकडून त्यांचा आवाज आला.

"अगो, आमच्या पोराला पाय नायत काय? चालंल मांडवापर्यंत. तू जनावराकडं बघ. आन जेवायला दोघंबी या, नायतर मी बोलणार नाय तुझ्याशी."

यजमानांनी टोपी काढून डोके पुसले आणि ते सलाईनची बाटली धरून उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी वहिनी एकट्याच लग्नाला गेल्या. यजमानांनी विहिरीच्या कडेची ओली हराळी कापून आणली आणि बादली घोडीच्या तोंडाशी धरली. तिने पाणी हुंगले, ती थांबली, मग प्यायली. बऱ्याच वेळाने तिने हराळीची चार पाती ओढली. मी तिची मान धरून उभी होते. चावताना तिच्या गळ्याखालची हालचाल तळहाताला जाणवत होती.

"खा बाय, खा," यजमान म्हणत होते, "सावकाश खा." किन्हवलीच्या त्या आईला मी आजवर पाहिलेले नाही, पण त्या वेळी मनातल्या मनात तिला हात जोडले.