खंडेनवमीचं भिंग

माझी सून वेल्ह्याच्या अंगाला एका लहानशा शाळेत शिकवते. आज दुपारपासून ती बाहेरच्या खोलीत थर्माकोल कापत बसली आहे, आणि तापलेल्या तारेचा तो गोडसर, डोक्यात चढणारा वास साऱ्या घरात भरून राहिला आहे. उद्या तपासणी आहे. त्यासाठी माणसाची पचनसंस्था तयार होते आहे. जठर झालं, यकृत वाळतंय, आतड्याचा गुलाबी रंग जरा बर्फीवर गेला आहे. 'आई, हात नका लावू. हे काचेच्या कपाटात ठेवायचंय. पोरांनी हाताळलं तर टिकायचं नाही,' ती म्हणाली. मी म्हटलं, 'कपाटात ठेवलेलं पचतं का गं कुणाला?' ती हसली नाही. हसायलाही अंगात काही उरावं लागतं. फोटो काढून मोबाईलवरून वर पाठवायचे, ते अजून राहिलेच होते. तिच्या वाकलेल्या पाठीकडे बघता बघता मला माझी पहिली शाळा आठवली, आणि तिथली कुलपातली पेटी.

ती शाळा डोंगराच्या पोटाशी, एसटीच्या शेवटच्या थांब्यापासून बरंच चालून गेल्यावर लागायची. मी तिथं रुजू झाले तेव्हा स्वतःला फार हुशार समजत होते. इस्त्रीचं पातळ, नुकताच घालायला लागलेला अंबाडा, आणि काखेत तक्त्यांची अशी जाडजूड गुंडाळी की कंडक्टरनं तिचं अर्धं तिकीट मागितलं. साहित्याशिवाय पाठ नाही, हे मला शिकताना इतकं पाजलं होतं की ज्या पोरांच्या अंगाला सकाळी म्हशीचा वास यायचा, त्यांच्यापुढं मी म्हशीचा तक्ता टांगला. वर छडी टेकवून विचारलं, 'हा कोणता प्राणी?' पोरं एकमेकांकडं बघू लागली. बाई एवढ्या लांबून आणून विचारतायत म्हणजे ही म्हैस नसणार, एवढी अक्कल त्यांना होती. शेवटी मागून कुणीतरी चाचरत म्हणालं, 'गेंडा?'

खरं साहित्यही शाळेत होतं. विज्ञानाची एक लाकडी पेटी सरकारातून आली होती. तिच्यात चुंबक, काचेचा चंबू, परीक्षानळ्या, तापमापी, आणि पितळी कड्याचं एक भिंग. थोरले गुरुजी ती कपाटात कुलपात ठेवत. माणूस वाईट नव्हे. पावसाळ्यात पोरांना खांद्यावर घेऊन ओढा पार करणारा. पण 'बाई, एक नळी फुटली तर जबाब मी देऊ का तुमी?' असं ते म्हणाले की माझं सगळं शिक्षणशास्त्र थिजायचं. वर्षातून एकदाच ती पेटी उजेडात यायची, खंडेनवमीला. शेतकरी औतं-कोयते पुजतात, एसटीवाले गाडीला हार घालतात, तशी आमच्याकडं विज्ञानाची पूजा व्हायची. चुंबकाच्या दोन्ही टोकांना हळदीकुंकू, चंबूच्या गळ्यात झेंडूची माळ, तापमापीपुढं पेढा. पोरं रांगेनं पाया पडायची, मग सगळं पुसून, फडक्यात गुंडाळून पुन्हा आत. उत्तर ध्रुवाला कुंकू लावलेला चुंबक मी पुढं आयुष्यात कुठं पाहिला नाही.

चौथीत एक मुलगी होती, वरच्या धनगरवाड्यावरची. तिचे वडील एकदा शाळेच्या ओट्यावर टेकून सांगून गेले, 'थोरलीचं लगीन झालं, बाई. म्हसरांमागं आता हीच. दिवाळीपातूर यील, फुडं न्हाई.' मी त्यांना शिक्षणाचं महत्त्व सांगितलं, पाठ केलेलं, विरामचिन्हांसकट. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाले, 'तुमचं बराबर हाय. मग म्हसरं तुमी राखता का?' मी त्यांना पाण्याचा तांब्या आणून दिला. मुलगी रडली वगैरे नाही. तिला एकच हवं होतं. मागच्या खंडेनवमीला गुरुजी भिंग पुसत होते, तेव्हा त्यामागं त्यांचं बोट केळ्याएवढं झालेलं तिनं पाहिलं होतं. 'बाई, त्यातनं येकडाव बगू द्याल? म्या जायच्या आदी.'

खंडेनवमी आली. पूजा झाली, गुरुजी फडकं घेऊन आवरायला बसले. एरवी मी वरिष्ठांपुढं मान वर न करणारी. त्या दिवशी कुठून तो आगाऊपणा अंगात आला कोण जाणे. म्हटलं, 'गुरुजी, पूजलेलं औत कुणी माळ्यावर टाकतं का? दसऱ्याला रानात नेऊन एक तरी फेरा मारतात. नाहीतर औजार रुसतं म्हणतात.'

'कोण म्हणतं?'

'आमच्या किकवीकडं म्हणतात.'

किकवीत असं कुणी म्हणत नाही. मी तिथलीच, मला ठाऊक. गुरुजींनी हातातलं फडकं खाली ठेवलं. थाप त्यांना कळली असणार. पण रुसलेल्या औजाराचं भय तपासणीच्या साहेबाला द्यायच्या जबाबापेक्षा जुनं होतं. 'उद्या भिंग तेवढं काढू,' ते म्हणाले. 'बाकी ऱ्हाऊ द्या.'

दसऱ्याला पाटीपूजनाला पोरं जमली. भिंग पहिलं तिच्या हातात दिलं. तिनं मुंगी पाहिली, आपट्याचं पान पाहिलं, तळव्यावरच्या रेघा पाहिल्या, कोपरावरची खपली पाहिली. मग सरळ गुरुजींपुढं जाऊन भिंग त्यांच्या डोळ्याशी धरलं. 'गुर्जी, तुमचा डोळा म्हशीवानी हाय.' गुरुजी हसले, पण हलले नाहीत. तिचं बघून होईपर्यंत पापणी न लववता उभे राहिले. मी मध्येच बहिर्वक्र भिंगाची व्याख्या सांगायला तोंड उघडलं होतं. देवानं त्याच वेळी मला ठसका आणला, हे त्याचे उपकार. शेवटी तिनं भिंग परकराला पुसून परत केलं, समोरच्या डोंगराकडं बघितलं आणि म्हणाली, 'बाई, आता समदं बारीकच दिसतंय की.'

दिवाळीनंतर ती आली नाही. पुढं पेटी हळूहळू उघडी राहू लागली, नळ्या फुटल्या, जबाबही दिले, बाकीची पोरं शिकून पांगली. तिचं काय झालं मला ठाऊक नाही, आणि आता जाऊन विचारावं तर ती चढण माझ्या गुडघ्यांना झेपायची नाही. तरुणपणी मला वाटायचं, आपण तिला केवढं मोठं काही दिलं. त्या समाधानावर मी कितीतरी वर्षं काढली. आता दमल्यावर वेगळंच मनात येतं. जिला सारं आयुष्य त्याच उतारावर काढायचं होतं, तिला तो उतार आपण बारीक करून दाखवला. म्हशींमागं उन्हात बसलेली असताना तिला ते परत कधी आठवलं असेल का? विसरली असेल तर तिच्यासाठी बरंच झालं, असं मी स्वतःला समजावते. आणि ती विसरली असेल, या विचारानं मला दिवसभर करमत नाही.