डीपीजवळची पिशवी

गारखेड्यात आमच्या गल्लीच्या तोंडाशी विजेची डीपी आहे. शेजारच्या गुरुजींनी तो कोपरा साफ करून घेतल्यावर तिथं पुन्हा कचऱ्याची जी पहिली पिशवी पडली, ती मी टाकली होती. हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही.

त्या कोपऱ्याशी माझं जुनं नातं. शहरात कचऱ्याची कोंडी झाली त्या वर्षी तिथं ढीग साचायला लागला. कोंडी सुटली, ढीग काही हलला नाही. मी पाटबंधारे खात्यातला कारकून. अर्ज लिहावा तर मीच, असा माझा समज. महापालिकेच्या झोन ऑफिसात अर्ज दिले, स्मरणपत्रं दिली, प्रत्येकाची पोहोच घेतली. अधूनमधून जेसीबी यायचा, ढीग उचलायचा. माणसं 'येथे कचरा टाकल्यास दंड' अशी पाटी लावून जायची. थोड्याच दिवसांत पाटीच्या बुडाशी पिशव्या. गल्लीतला गिरणीवाला मला विचारायचा, "काय भाऊसाहेब, काय म्हणतो तुमचा ढीग?" मी हसण्यावारी न्यायचो.

मग गुरुजी शेजारी राहायला आले. पिशोरच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले. मुलगा चिकलठाण्यात कंपनीत, म्हणून इकडं घर घेतलेलं. हे गृहस्थ सकाळी डीपीजवळ नुसते उभे राहायचे. मला वाटलं, रिकामा माणूस आहे, वेळ जात नसेल. एकदा जिन्यात भेटले तेव्हा म्हणाले, "भाऊसाहेब, नळाला पाणी येतं ना, त्याच दिवशी ढीग वाढतोय बघा. बायांनी मोटार लावून टाक्या भरायच्या का घंटागाडीमागं पळायचं? गाडी जाती निघून. मग डबा घेऊन इथंच येत्यात."

एवढंच होतं ते. आमच्याकडं नळ आठवड्यातून एकदा आला तरी सण असतो, सगळं घर पाण्याला जुंपलेलं असतं. माझं घरही. तरी इतक्या वर्षांत मला ते दिसलं नव्हतं. गुरुजी झोन ऑफिसात गेले आणि नळाच्या दिवशी गाडीची दुसरी फेरी मागून आले. तोंडी. अर्ज नाही, पोहोच नाही. फेरी सुरू झाली, ढीग गेला, भिंत रंगवून मिळाली, कुंड्या आल्या, बाकडं आलं. अधिकारी फोटो काढायला आले तेव्हा गुरुजींनी मला हाक मारली, "या की भाऊसाहेब, सुरुवात तर तुम्हीच केलेली." मी गेलो नाही. त्यांनी बोलावलं याचाच मला जास्त राग आला.

घरातही तेच. ओला-सुका वेगळा ठेवा म्हणून मी वर्षानुवर्षं सांगत होतो. आता एकदम ओट्याखाली दोन डबे दिसले. बायको म्हणाली, "गुरुजी म्हणले, वेगळा केला तर वास येत नाही." मी म्हणालो, "मी काय वेगळं सांगत होतो?" ती म्हणाली, "तुम्ही सांगत नव्हता, बोलत होता." संध्याकाळी त्या बाकड्यावर गल्लीतली म्हातारी माणसं बसायला लागली, हसण्याचा आवाज आमच्या खिडकीत यायचा. मी ऑफिसातून येताना मागच्या रस्त्यानं वळसा घालून घरी यायचो.

उन्हाळ्यात एका सकाळी फिरायला निघालो तेव्हा कलिंगडाच्या सालींची पिशवी हातात घेतली आणि जाता जाता कुंडीच्या आड ठेवून दिली. त्यांचाही कोपरा बिघडतो, एवढंच मला बघायचं होतं. परत आलो तर माझ्या पिशवीला सोबत मिळालेली होती. फार हलकं वाटलं.

मी ठेवलेली पिशवी मुळात गुरुजींच्याच घरून आलेली होती. त्यांनी गावाकडच्या शेतातलं आलं गल्लीत आमच्यासह चार घरी वाटलं होतं, कुरिअरच्या पिशव्यांतून. असली पिशवी आपल्याकडं कुणी फेकत नाही. आतली बाजू बाहेर करून पुन्हा वापरतात. तशीच ती उलटी केलेली, वरून काळी, कोरी. आत काय चिकटलंय ते मी पाहिलंच नाही.

त्याच सकाळी महापालिकेचं पथक आलं तेव्हा मी दुधाची पिशवी घेऊन परतत होतो. उघड्यावर टाकलेला कचरा कुणाचा, हे शोधायला ते पिशव्या उपड्या करून बघतात. साली रस्त्यावर पडल्या. पथकातल्या माणसानं पिशवी झटकून सुलटी केली आणि आतल्या पत्त्याच्या चिठ्ठीवरचं नाव मोठ्यानं वाचलं. नाव गुरुजींचं होतं.

गुरुजी तिथंच कुंड्यांना पाणी घालत होते.

गिरणीवाला म्हणाला, "घ्या. आम्हाला शिकवून शिकवून गुरुजींचाच पेपर कोरा." लोक हसले. कुणीतरी म्हणालं, "म्हणून रोज पहारा व्हय?"

गुरुजींनी पिशवी हातात घेऊन पाहिली. कलिंगड आपल्या घरी आलेलं नाही, हे त्यांना माहीत असणार. पिशवी आपण कुणाकुणाला दिली, हेही. चार घरांची नावं घेतली असती तर तिथंच निकाल लागला असता. त्यांनी कुणाकडंच पाहिलं नाही.

"पिशवी माझीच हाय," ते म्हणाले. "फाडा पावती."

त्या वेळी मला आनंद झाला. भीती नंतर वाटली, लाज त्याहून नंतर. आधी आनंद झाला, आणि हे लिहायला मला सगळ्यात जड गेलं.

गुरुजींनी त्यानंतर कोपऱ्यावर येणं सोडलं. कुंड्या वाळल्या. गाडीची दुसरी फेरी चुकायला लागली, ती पुन्हा मागायला कुणी गेलं नाही, मग तीही बंद पडली. आता डीपीजवळ पूर्वीसारखाच ढीग आहे आणि त्याला आता कुणीही 'भाऊसाहेबांचा ढीग' म्हणत नाही.

यंदाही गुरुजींकडून आलं मिळालं. स्टीलच्या डब्यातून. सूनबाई दारात थांबल्या, "काका, डबा लगेच रिकामा करून द्या, बाबांनी सांगितलंय." सगळ्यांनाच तसं सांगितलं होतं की फक्त आम्हाला, हे विचारायचा मला धीर झाला नाही.

बाकड्याजवळ, गिरणीवाला आणि बाकीचे उभे असताना, "ती पिशवी मी टाकली होती" असं मी मोठ्यानं म्हणणं हे माझ्यावर गुरुजींचं देणं आहे. ते मी अजून दिलेलं नाही.