शालूबाईंनी भरलेलं अर्धं वचन

सलाम शालूबाई.

महिला मंडळाच्या स्मरणिकेत यंदा एका सभासदाची ओळख छापायची ठरली आणि सगळ्यांनी तुमचंच नाव घेतलं. लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं, कारण मंडळात बी.ए. झालेली म्हातारी मी एकटीच. तुम्ही म्हणालात, "माझ्यात काय हाय लिवण्यासारखं?" आहे, पुष्कळ आहे. तुमचे लाडू, तुमचा राग आणि ती निपाणीची भानगड, सगळं लिहिणार. मधे बोलायचं नाही. आता तुमच्याशी बोलणं बंद, वाचणाऱ्यांशी सुरू.

तर अनगोळच्या शालूबाई. नवरा लवकर गेला, पदरात रचना ही एकच लेक. खिडकीशी मशीन टाकून बाई पोटासाठी ब्लाऊज शिवायच्या आणि देवासाठी वचनं भरायच्या. भरायच्या म्हणजे पांढऱ्या कापडावर रंगीत दोऱ्यानं शास्त्रातली, म्हणजे बायबलमधली, एक ओळ, खाली अध्याय नि ओवी, चारी कोपऱ्यांत गुलाब. आमच्या चर्चमध्ये असं घर नाही जिथं भिंतीवर शालूबाईंचे गुलाब नाहीत.

वचन निवडायची त्यांची रीत सोपी होती. मशीनजवळ एक वचनपेटी असे. पुठ्ठ्याची डबी, आत चिठ्ठ्या, प्रत्येकीवर एकेक ओळ. प्रार्थना करायची, डोळे मिटायचे, चिठ्ठी ओढायची. जी येईल ती देवाची. मिक्सर घ्यावा का, जावेशी बोलावं का, हे सगळं चिठ्ठीवर ठरे. बायबल घरात होतं, नाही असं नाही. चांगलं जाडजूड, चेनच्या कव्हरात. कव्हर रुमालात, रुमाल कपाटात. रविवारी ते चर्चला जाऊन यायचं, एखाद्या पाहुण्यासारखं.

याचे परिणाम कधीमधी व्हायचे. एका लग्नात त्यांनी नवरानवरीला 'तुम्ही जाल तिथं मी येईन' अशा अर्थाचं वचन भरून दिलं. शास्त्रात हे सुनेनं सासूला म्हटलंय, हे शालूबाईंना ठाऊक नव्हतं. नवऱ्यामुलाच्या आईला ठाऊक होतं. सासू-सुनेनं एकत्रच राहायचं म्हणत ती त्या दोघांच्या पुण्यातल्या दोन खोल्यांत ट्रंकेसह दाखल झाली आणि कुणी काही म्हटलं की भिंतीकडे बोट दाखवू लागली. शालूबाई म्हणाल्या, "बघा, वचन पुरं झालं."

रचना निपाणीला दिलेली. जावई आदर्श नावाचा, सालस पोरगा. विहीण एस्तेरबाई, निवृत्त शिक्षिका. त्या रोज सकाळी एक अध्याय वाचत, वाचला की पेन्सिलीनं खूण करत, आणि आपण बायबल किती वेळा संपवलं हे न विचारता सांगत. रचनाचं बाळंतपण अनगोळला झालं. मग एस्तेरबाई गाडी घेऊन सुनेला नि नातवाला न्यायला आल्या. त्या दिवसासाठी शालूबाईंनी चिठ्ठी ओढली, तर काय सुंदर वचन निघालं. आपण एकमेकांच्या नजरेआड असू तेव्हा परमेश्वर तुझ्यामाझ्यावर नजर ठेवो. उत्पत्ती, एकतिसावा अध्याय. विहिणी-विहिणींच्या निरोपाला याहून गोड काय असणार? रात्रंदिवस खपून भरलं, फ्रेम करून आणली, डोळे पुसत एस्तेरबाईंच्या हातात दिली. एस्तेरबाईंचेही डोळे भरून आले. गाडी गेली.

आठवड्याभरानं, फ्रेम भिंतीवर लागली त्या दिवशी, सकाळच्या घरच्या प्रार्थनेत एस्तेरबाईंनी कौतुकानं तोच अध्याय काढला आणि सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचायला घेतला. त्यात लाबान नावाचा सासरा आहे. त्यानं जावयाला, म्हणजे याकोबाला, वर्षानुवर्षं फसवलंय. जावई एक दिवस बायकापोरं, मेंढरं घेऊन गुपचूप निघतो. लाबान पाठलाग करून गाठतो, माझ्या घरातले देव चोरलेस म्हणतो, एकेक तंबू धुंडाळतो. सापडत काहीच नाही. मग दोघं दगडांचा ढीग रचून हद्द ठरवतात, की हा ढीग ओलांडून तू माझ्या वाईटावर यायचं नाहीस, मी तुझ्या. आणि तिथं लाबान म्हणतो ती ही ओळ. मी नसताना देव तुझ्यावर नजर ठेवो. माझ्या लेकींना छळलंस तर तो बघतोय, ही लगेच पुढची ओवी. देव खरं तर धाकट्या लेकीनंच पळवले होते आणि ती त्यांच्यावर बसून होती. तेवढ्यात एस्तेरबाईंनी रचनाला कॉटवरून जरा उठ म्हटलं, असं रचना सांगते; पण रचनाचं सगळंच खरं धरू नये.

एस्तेरबाईंनी पुस्तक मिटलं आणि फोन लावला. "विहीणबाई, तुमचं ते वचन वाचलं. चार माणसांत सांगा, आम्ही तुमच्या लेकीला छळतोय का? पुढच्या रविवारी बाळाचा बाप्तिस्मा आहे. तुम्ही नुसत्या येणार की झडती घ्यायला?"

शालूबाईंना काही कळेना. त्यांनी गुलाबांचं सांगितलं. फोन बंद झाला होता.

दोन दिवस त्यांनी दाताखाली दोरा तोडत विहिणीचा उद्धार केला. प्रेमानं दिलेल्या वस्तूत खोट काढणारी बाई, शिकली तेवढी वाकडी झाली, वगैरे. बाप्तिस्म्याला जायचं नाही म्हणाल्या. लगेच रडू आलं, कारण नातवाला डोक्यावर पाणी पडताना धरायचं हे त्या पोर पोटात असल्यापासून ठरवून बसलेल्या. वचनपेटी उघडली, तर चिठ्ठी निघाली मेंढरांची लोकर कातरण्याबद्दल. शेवटी कपाटातून रुमाल निघाला, रुमालातून कव्हर, कव्हराची चेन गंजून बसलेली ती खोबरेल लावून उघडली.

नुसता एकतिसावा अध्याय वाचून कळेना म्हणून तीस उघडला, तोही कळेना म्हणून एकोणतीस. मग मात्र बाई सुटल्या. शेजारच्या पद्मजाचा ब्लाऊज तसाच पडला. ती न्यायला आली तर तिला बसवून लाबानाची सगळी कुलंगडी सांगितली. थोरलीला बुरख्यात घालून धाकटीच्या जागी कशी खपवली, मजुरी कितीदा बदलली. पद्मजा म्हणाली, "आणि माझा ब्लाऊज, आक्का?" शालूबाई म्हणाल्या, "अगं, हितं लेकींचं वाटोळं झालंय आणि तुला बाह्यांचं पडलंय."

लाबानाला त्यांनी मनसोक्त शिव्या घातल्या. लेकी दिल्या की दिल्या, वर पाठीमागं धावत काय जातोस? तंबू काय धुंडाळतोस? आणि तिथंच त्यांच्या शिव्या थांबल्या.

कारण रचना गेल्यापासून रोज सकाळी त्या फोन करायच्या आणि पहिला प्रश्न, काय खायला दिलं. दुपारी दुसरा फोन, झोपू दिलं का. डिंकाचे लाडू दिलेले, त्या डब्याला चिकटपट्टी लावून वर लिहिलेलं, 'फक्त रचनासाठी'. आणि निपाणीत एस्तेरबाईंच्या समोर राहणाऱ्या भैरवीला सांगून ठेवलेलं, सहज जाऊन बघून येत जा गं. तिनं दोनदा बघून येऊन सांगितलंही होतं. म्हणजे वचन चुकून गेलं होतं खरं, पण पत्त्यावर बरोबर पोचलं होतं. मग शालूबाईंनी अध्याय शेवटच्या ओळीपर्यंत वाचला, पिशवी भरली आणि निपाणीची बस धरली.

एस्तेरबाई दारातच उभ्या होत्या. मागं रचना, तिच्या मांडीवर बाळ, आणि भिंतीवर ती फ्रेम, तोंड भिंतीकडं करून.

"या. झडती कुठून सुरू करताय?"

"सैपाकघरातनं," शालूबाई म्हणाल्या. "भूक लागलीया."

आदर्शला हसू आलं. एस्तेरबाईंना आलं नाही. शालूबाईंनी पिशवीतून लाडवांचा मोठा डबा काढला, त्यावर काही लिहिलेलं नव्हतं, आणि मांडी घालून बसल्या. "विहीणबाई, मी लाबानच हाय. लई फोन केले. त्या भैरवीलाबी मीच पाठवलं. पण तुम्ही लेकींना छळण्यापाशी थांबून पुस्तक मिटलं, रचना म्हणाली. म्होरं वाचलं न्हाईसा."

एस्तेरबाई म्हणाल्या, मी तो अध्याय कितीतरी वेळा वाचलाय. त्यावर शालूबाई म्हणाल्या, खूण केलीसा व्हय, पण ह्या खेपेला वाचला न्हाई. आणि कुणी न विचारता त्यांनी पुढचं सांगून टाकलं. दगड रचून झाल्यावर दोघं त्या ढिगापाशीच जेवायला बसले. भांडण तिथंच राहिलं. दुसऱ्या दिवशी लाबान पहाटे उठला, नातवंडांचे मुके घेतले, लेकींना आशीर्वाद दिला.

एस्तेरबाईंनी चष्मा लावून पुस्तक उघडलं, बोट फिरवलं, आणि बोट खाली येऊन थांबलं. "आणि मग तो आपल्या ठिकाणी परत गेला. हे वाक्यही वाचलंत ना?"

"वाचलंय तर. सोमवारच्या सकाळच्या बसनं."

तेव्हा एस्तेरबाई हसल्या. मग अटी ठरल्या, ढीग नसला तरी. फोन दिवसातून एकदा आणि तो आधी विहिणीला. लाडू सगळ्या घराचे. भैरवीनं यायचं ते चहाला, पाहणीला नाही. आदर्शनं फ्रेम सरळ केली. ती आजही तिथं आहे, आणि दोघींपैकी कोण जास्त चिडतंय याकडे लक्ष ठेवते. रविवारी नातवाला शालूबाईंनीच धरलं. पोरानं पाळकसाहेबांच्या झग्यावर काय केलं ते इथं लिहीत नाही.

आता पुन्हा तुमच्याशी, शालूबाई. निपाणीहून आल्यावर तुम्ही माझ्याकडे एक नवी कोरी फ्रेम आणून ठेवलीत. एस्तेरबाईंना दुसरं वचन द्यायचंय, कापड भरून झालं की खडेबाजारातल्या माणसाकडून बसवून घ्या, म्हणालात. मी तेव्हापासून विचारतेय, कुठलं वचन ठरलं. पहिल्यांदा म्हणालात, याकोब भावाला भेटतोय, ते होऊ दे. नंतर म्हणालात, योसेफाला विहिरीत टाकलंय, आता कुठलं वचन निवडू? परवा विचारलं तर तुम्ही वाचता वाचता मिसर देशातून बाहेर पडायच्या गडबडीत होतात. वचनपेटीत तुम्ही आता हूक आणि बटणं ठेवता, तेही मी पाहिलं. फ्रेम माझ्या कपाटावर आहे. काच मी दर आठवड्याला पुसते.