अध्यक्षांनी हाकलेली बंडी

आमच्या गावच्या जिल्हा परिषद प्राथमिक शाळेला अध्यक्ष म्हणून मी मिळालो, यात शाळेचा काहीही दोष नाही.

झालं असं, की शाळा व्यवस्थापन समितीच्या निवडीला पालक आले पाच. त्यातले दोघे चहासाठी आले होते, एक जण चुकून (त्याला सोसायटीची मीटिंग वाटली) आणि एका ताईंना चारचौघांत बोलायची लाज वाटत होती. उरलो मी. मला कशाचीच लाज वाटत नाही हे गावाला पक्कं ठाऊक असल्यामुळे निवड बिनविरोध झाली.

अध्यक्ष झाल्यावर माणसाला शत्रू लागतो. तो गावाच्या टोकाला आयताच उभा होता. दोन वर्षांपूर्वी तिथे एक कान्व्हेंट उगवलं. चार खोल्या, वर पत्रे, फाटकावर रंगवलेला हत्ती आणि वऱ्हाडातल्या उन्हात पोरांच्या गळ्यात टाय! (आमच्याकडे त्या उन्हात कुत्रंसुद्धा गळ्यात पट्टा ठेवू देत नाही.) मी पानठेल्यावर उभा राहून रोज या कान्व्हेंटचा उद्धार करायचो.

"अबे, ज्याले शेंबूड पुसता येत नाई, त्याच्या गयात टाय बांधून काय होते? आपली शाळा मराठी, आपले मॅडम मराठी! ज्याले पोट्टं तिकडे धाडाचं असन त्यानं आधी माह्यासंग बोलावं!"

लोक माना डोलवायचे आणि पोरगं तिकडेच धाडायचे.

त्यामुळे शाळेचा पट घसरत घसरत अशा ठिकाणी आला, की पहिलीत नऊ नावं आली नाहीत तर दोन शिक्षकांपैकी एक जाणार होता. मुख्याध्यापिका इंगोले मॅडम भर मे महिन्यात डोक्यावर ओढणी घेऊन दारोदार फिरल्या आणि एकेक करून नऊ नावं गोळा केली. त्यातलं पहिलं नाव माझ्या लेकीचं, गार्गीचं. ते नाव देताना (लिहून सही बायकोने केली) मी असा काही चेहरा केला होता, जणू शाळेला शेत दान देतोय.

मग प्रवेशोत्सव ठरला. पहिल्या दिवशी नव्या पोरांना सजवलेल्या बैलबंडीत बसवून, ढोल वाजवत शाळेत आणायचं आणि दारात कुंकवाच्या पाण्यात पाय बुडवून कागदावर पहिलं पाऊल उमटवायचं, अशी पद्धत. अडचण एकच होती. गावात ट्रॅक्टर अकरा आणि बैलजोडी एक, ती माझी.

"दिनूभाऊ, बंडी भेटन का?" मॅडमनी विचारलं.

"बंडीबी भेटन अन् धुरकरीबी भेटन! म्या सोता हाकतो," मी म्हणालो. "आजकालच्या पोट्ट्यायले स्टेअरिंग समजते, बैल नाई समजत. माहे लाल्या अन् बांड्या माह्या मनातलं ओयखतात!"

हे वाक्य मी निदान वीस लोकांसमोर बोललो. साक्षीदार अजून जिवंत आहेत.

त्या सकाळी बैलांच्या शिंगांना रंग, गळ्यात घुंगरं, बंडीला आंब्याचे डहाळे आणि मागे भलामोठा फलक, 'आपली शाळा, मराठी शाळा'. आत नऊ पोरं. वर मी, डोक्याला फेटा, एका हातात कासरा आणि दुसऱ्या हातात (केवळ शोभेची) तुतारी, म्हणजे बैल हाकायची काठी. पुढे ढोलवाले, त्यांच्यामागे दुसरे शिक्षक तायडे सर, बंडीमागे कुंकवाचं ताट घेतलेल्या मॅडम आणि पोरांच्या आया. आमच्या सौभाग्यवती, सुनंदाबाई, फोन वर धरून सगळा सोहळा गावाच्या ग्रुपवर लाइव्ह दाखवत होत्या.

मारुतीच्या पाराशी रस्ता फुटतो. डावीकडे आमची शाळा, उजवीकडे कान्व्हेंट. ढोलवाले डावीकडे वळले. तायडे सर डावीकडे वळले. लाल्या आणि बांड्या उजवीकडे वळले.

मी कासरा ओढला. बैलांनी मान हलवली आणि चाल वाढवली.

"काहो, तिकडं कुठं?" सुनंदा मागून ओरडली.

"बैल बिचकले!"

"बिचकले कुठं? चांगले शेपट्या हालवत चालले!"

इथे मला एक बारीकशी गोष्ट सांगणं भाग आहे. मार्च ते मे कान्व्हेंटच्या नव्या खोल्यांचं बांधकाम सुरू होतं. मागच्या बोळात ट्रॅक्टर वळत नव्हता. त्यामुळे तीन महिने रोज पहाटे, गाव उठायच्या आत, विटांची एक खेप कोणीतरी बैलबंडीने नेऊन टाकत होतं. गावात बैलजोडी किती, हे मी वर सांगितलंच आहे.

तेव्हा बैल बिलकूल बिचकले नव्हते. ते कामावर निघाले होते.

पोरांना तर स्वर्ग दोन बोटं उरला! नऊच्या नऊ जण 'हुर्रर्र' करत होते. मी घसा फोडून "हो, हो, हो रे" करत होतो, मॅडम ताट सांभाळत पळत होत्या, आया पदर खोचून पळत होत्या आणि तिकडे दूर ढोलवाले रिकाम्या रस्त्यापुढे मन लावून वाजवत होते. बैल हत्तीच्या फाटकाशी येऊन थांबले. आतून चौकीदार रशीदचाचांनी नेहमीच्या सवयीने फाटक उघडलं आणि बंडीत डोकावून पाहिलं.

"अरे दिनूभाऊ! आज इटा नाई आणल्या? लेकरं भरून आणले?"

मी डोळ्यांनी खुणावलं. चाचांची नजर अधू आहे.

"तीन महिने अंधारात येत होते, आज दिवसाढवळ्या बाजा लावून आले! माशाल्ला, फेटा जचून राहिला!"

मागे पळापळ थांबली. सुनंदाचा हात अजून वरच होता, म्हणजे लाइव्ह सुरूच होतं. जे आले नव्हते त्यांचीही सोय झाली.

तेवढ्यात कान्व्हेंटचे डायरेक्टर भुयार साहेब चॉकलेटचा डबा घेऊन धावत आले. बंडीभर अ‍ॅडमिशन दाराशी आल्यावर कोण घरात बसेल?

"या, या! मॅडम, तुमी काहून धावून राहिल्या? पोट्टे आपल्या पायानं आले."

"बैलाच्या पायानं आले," मॅडम धापा टाकत म्हणाल्या. "त्यायचे नावं माह्या शाळेत हायेत."

"आठ असतीन. नववी आमची." साहेबांनी गार्गीच्या हातावर चॉकलेट ठेवलं. "दिनूभाऊनं हिची सीट चैत्रातच पक्की केली. तुमच्याकडे पटाची मोजणी झाली की इकडे आणून टाकतो म्हणले. इटा काय उगीच वायल्या का त्यायनं?"

तर ती ही गोष्ट. पानठेल्यावरचा मराठीचा वाघ घरी लेकीसाठी टाय मोजत बसला होता.

मला वाटलं मॅडम आता शिव्या देतील. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या फक्त म्हणाल्या, "भाऊ, तुमच्या दारी म्या तीनदा आली. तुमच्या गार्गीचं नाव दाखवून बाकीचे आठ घेतले. अध्यक्षाची पोरगी हाय म्हणलं, तवा कुठं लोकायनं पोट्टे देल्ले."

आयुष्यात पहिल्यांदा मला लाज वाटली. ती नेमकी कुठे वाटते हेही तेव्हाच कळलं. कानांत वाटते. दोन्ही कान तापलेल्या तव्यासारखे झाले.

पोरांच्या आया आता एकमेकींकडे बघू लागल्या. अध्यक्षच इकडे येतोय तर आपण कशाला मागे राहायचं, हा हिशोब त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसत होता. एकीने तर पोराचा हात धरून फाटकाकडे पाऊलही टाकलं. माझ्या तीन महिन्यांच्या विटांनी शाळेची भिंत पडत होती आणि मी फेटा घालून वर बसलो होतो.

तेव्हा सुनंदाने फोन खाली केला. गार्गीच्या हातातलं चॉकलेट काढून साहेबांच्या डब्यात परत टाकलं आणि लेकीला कडेवर घेतलं.

"माह्या पोरीचं नाव मॅडमच्या रजिस्टरात हाय. म्या लिवून देल्लं, सही माही हाय. यायनं कोठी काय ठरवलं ते यायचं यायले माहीत. यायले पहिलीत बसवा लागते तर बसवा, साहेब! पाढे नाई येत यायले."

आणि ती चालू लागली. मागे वळून पाहिलंसुद्धा नाही. मग पाऊल टाकलेली बाई थांबली, तिने पोराला उचललं, आणि एकामागून एक आठही आया पोरं काखेत मारून मराठी शाळेच्या रस्त्याला लागल्या. मॅडम ताट सावरत पुढे झाल्या. निम्मं कुंकू रस्त्यावर सांडलं होतं, पण नऊ पावलांना पुरलं.

मीही निघालो. म्हणजे निघायचं ठरवलं. बैल हलेनात!

"नाई हलनार थे," रशीदचाचा म्हणाले. "मागं इटाच्या ढिगाले चक्कर मारल्याबिगर वापस नाई जात. तुमीच तर शिकवलं."

मी फेटा, डहाळे आणि 'आपली शाळा, मराठी शाळा' या फलकासह कान्व्हेंटला एक पूर्ण प्रदक्षिणा घातली. वर्गांच्या खिडक्यांतून टायवाल्या पोरांनी टाळ्या वाजवल्या.

शाळेत दोन्ही शिक्षक टिकले. गार्गी मॅडमच्या मांडीवर बसून अक्षरं गिरवते. सुनंदा माझ्याशी बोलते, पण कमी, आणि तेही विटांचा विषय काढूनच.

मागच्या आठवड्यात समितीची बैठक झाली. अध्यक्ष म्हणून ठराव मीच मोठ्याने वाचून दाखवला: 'पुढील वर्षीच्या प्रवेशोत्सवाकरिता हीच बैलजोडी घ्यावी. धुरकरी मात्र भरवशाचा पाहावा.' सूचक इंगोले मॅडम, अनुमोदक समितीच्या नव्या सदस्या सौ. सुनंदा. ठराव एकमताने मंजूर झाला, कारण हात मीही वर केला होता.